निळा वेताळ

भूमि-अभिलेखाच्या दप्तरखान्यात चौतीस वर्षे काढलेल्या माणसाच्या हाती निवृत्तीनंतरही एखाद्या अर्जाचा नमुना पडला, की त्याची मुद्रा आपोआप गंभीर होते, चष्मा नाकाच्या शेंड्याकडे सरकतो, आणि अर्ज कशासाठी आहे याची चौकशी करण्याआधीच तो खालच्या बारीक अक्षरांतल्या अटी वाचू लागतो. टाळेबंदी लागली तेव्हा चार दिवसांसाठी म्हणून आमच्याकडे आलेली आणि मग सहा महिने इथेच राहिलेली माझी अकरावीतली नात २०२० च्या भाद्रपदात एके दिवशी आपला फोन माझ्यापुढे धरून म्हणाली, "आबा, हे जरा वाच ना. यात आपण कुठे अडकू ते सांग," तेव्हा माझेही तेच झाले. तिच्या वाक्यातल्या 'आपण' या शब्दाकडे माझे लक्ष गेले नाही. एक ते एकवीस अशा सर्व अटी मी सावकाश वाचल्या, आणि बाविसावी नाही याचे मनाला थोडे वाईटही वाटले.

अर्ज वेषभूषेच्या स्पर्धेचा होता. कॉमिक्स, जपानी चित्रमालिका, अवकाशयानांचे चित्रपट इत्यादींच्या चाहत्यांचे जे मेळे भरतात आणि ज्यांना ही पोरे 'कॉन' असे त्रोटक नाव देतात, त्यांपैकी एक यंदा सभागृहाऐवजी पडद्यावर भरणार होता, आणि मेळ्याचा मानाचा भाग असलेली ही स्पर्धाही अर्थातच ऑनलाइन होणार होती. त्या वर्षी ही पाळी मोठमोठ्यांवर आली होती: १९७० पासून भरत आलेला सॅन डिएगोचा अवाढव्य मेळा जुलैत घरोघरच्या पडद्यांवर भरला, आणि वेलिंग्टनला व्हायचे ते विज्ञानकथाप्रेमींचे जागतिक संमेलनही जुलैच्या अखेरीस तसेच पार पडले, वेषस्पर्धा मात्र दोन्हीकडे झाल्या. माणसाला घराबाहेर पडण्याची मनाई असते तेव्हाही दुसऱ्या कुणाच्या वेषात शिरण्याची त्याची हौस कमी होत नाही. मला तर वाटते, ती तेव्हाच विकोपाला जाते.

अटी मोठ्या विचाराने घातलेल्या होत्या. वेषाची समोरून, पाठीमागून आणि दोन्ही बगलांनी अशी चार छायाचित्रे हवीत. चित्रांत संगणकी फेरफार नको. काम चालू असतानाच्या टप्प्यांची छायाचित्रे स्वतंत्र जोडावीत. ज्या पात्राचा वेष त्याचे मूळ चित्र द्यावे. कोणती वस्तू विकत आणली आणि कोणती हाताने केली हे स्पष्ट लिहावे. एक मिनिटाची चित्रफीत, आडवी, मध्ये कोठेही न तोडलेली. आणि, हे वाचून मी चमकलो, शिवणीच्या आतल्या बाजूचे निदान एक छायाचित्र. सभागृहातल्या परीक्षकाला कापड चिमटीत धरून पाहता येते, बाही उलटी करता येते. पडद्यापलीकडच्या परीक्षकाला ती सोय नाही, म्हणून त्याने जो पुरावा डोळ्यांनी घेतला असता तो अर्जदाराकडूनच दस्तऐवजांच्या रूपाने मागवला होता. ही तजवीज मला मनापासून पटली. ज्या कुणी हा मसुदा केला त्याने आमच्या खात्यात अव्वल कारकून म्हणून नाव काढले असते.

नियमामागे एखादा प्रमाद दडलेला असतो, हे मला नोकरीने शिकवले, आणि या क्षेत्रातही तसेच आहे. १९७२ साली लॉस एंजेलिसच्या संमेलनात एका व्यंगचित्रकाराने आपणच निर्माण केलेल्या एका किळसवाण्या पात्राचा वेष घेताना अंगावर कापडाऐवजी पीनट बटर थापले. दिव्यांच्या उष्णतेने ते ओघळू लागले, शेजाऱ्यांच्या मेहनतीने शिवलेल्या कपड्यांना लागले, आणि तेव्हापासून 'पीनट बटर चालणार नाही' हा वेषस्पर्धांच्या जगातला एक मान्यवर नियम होऊन बसला. नातीने ही हकीकत सांगितली तेव्हा मला आमच्याकडच्या एका जुन्या परिपत्रकाची आठवण झाली, ज्यात मोजणीच्या साखळीने म्हैस बांधू नये असे स्वच्छ लिहिले होते. त्या म्हशीचा पूर्वेतिहास कुणाला ठाऊक नव्हता. पण म्हैस होऊन गेली होती, याविषयी संशयाला जागा नव्हती.

"पण कुणाचा वेष?" मी विचारले, आणि 'आपण' या शब्दाचा उलगडा तेव्हा झाला. ती म्हणाली, "वेताळाचा. मी बनवणार, तू घालणार."

वेताळ हा आमच्या दोघांतला जुना दुवा. १९६४ च्या मार्चमध्ये 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू झाले ते वेताळाच्याच, म्हणजे ली फॉक या अमेरिकन लेखकाच्या 'फँटम'च्या कथेने. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो, वाईला राहत होतो, आणि गिरगावातले माझे मामा सुटीत येताना ते इंग्रजी अंक घेऊन येत. अक्षर मला कळत नसे. मामा आपल्या मनाने गोष्ट सांगत आणि मी चित्रे पाही. पुढे मराठी अंकही हाती आले, तेव्हा त्या घोडेस्वाराचे नाव वेताळ आहे हे समजले, आणि मामांनी सांगितलेल्या निम्म्या गोष्टी अंकांत नव्हत्याच हेही समजले. त्या मामांच्या गोष्टी, आणखी थोड्या वाढवून, मी नातीला ती चार वर्षांची असल्यापासून सांगत आलो होतो.

या वेताळाची मूळ कल्पना मोठी सुरेख आहे. १५३६ सालापासून एकाच घराण्यातले पुरुष बापामागून लेक असे तोच वेष अंगावर चढवतात, आणि आपण ज्याच्या गोष्टी वाचतो तो एकविसावा. अरण्यातल्या लोकांना मात्र यातले काहीच माहीत नसल्याने त्यांची समजूत अशी, की हा एकच पुरुष आहे आणि त्याला मरण नाही. माझ्यासारख्या फेरफार-नोंदी लिहिण्यात हयात गेलेल्या माणसाला ही गोष्ट विशेष भिडते. खातेदार मयत झाला, की वारसाचा अर्ज येतो, तलाठी नोंद घालतो, हरकतीची मुदत जाते, आणि सातबाऱ्यावरचे नाव बदलते. गट क्रमांक तोच, जमीन तीच, माणूस निराळा. वेताळाच्या घराण्यात मात्र वारसाची नोंदच होत नाही. तेथे मृत्यूची वार्ता दडवून ठेवण्याचे काम एका कपड्याकडे सोपवलेले आहे.

असा तो कपडा चौसष्टाव्या वर्षी मी अंगावर घ्यायचा होता. तो अंगाला चिकटून बसणारा असतो, डोक्यावरून टोपरे, डोळ्यांवर मुखवटा, कमरेला दोन पिस्तुलांचा पट्टा, आणि सर्वांवर कडी म्हणजे पट्टेरी चड्डी, जी आत नसून बाहेर असते. सौभाग्यवतीने ते चित्र पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि एवढेच विचारले, "अहो, चड्डी वरून?"

रंगाचा वाद पहिल्याच दिवशी उपस्थित झाला. नातीच्या मते वेताळ जांभळा. जगातल्या बहुसंख्य लोकांच्या मतेही तो जांभळाच आहे, हे मी नाकारत नव्हतो. परंतु माझ्या डोळ्यांपुढे जो होता तो निळा होता. मामांनी आणलेल्या त्या पहिल्या अंकांतला, वाईच्या घाटाच्या पायऱ्यांवर बसून पाहिलेला, शाईच्या दौतीसारखा निळा. मग आम्ही दोघांनी दप्तर उकरले. १७ फेब्रुवारी १९३६ रोजी ही मालिका वर्तमानपत्रात सुरू झाली ती काळ्या-पांढऱ्या रेघांची, त्यामुळे रंगाचा प्रश्नच नव्हता; लेखकाच्या मनात वेष करड्या रंगाचा होता; १९३९ मध्ये रविवारची रंगीत पुरवणी निघाली तेव्हा तो छापला गेला जांभळा. स्वीडनमध्ये तो निळा आहे, इटलीत चक्क तांबडा. ज्या मनुष्याच्या वेषाविषयी त्याचा कर्ता एक मानतो, छापखाना दुसरे करतो आणि निरनिराळे देश निरनिराळे गृहीत धरतात, त्याच्या बाबतीत आठ वर्षांच्या पोराची साक्ष अग्राह्य का मानावी, असा माझा युक्तिवाद होता. नात वयाने लहान, पण मनाने उदार. "बरं, निळा," ती म्हणाली. माझा तो अंक मात्र आईने १९७१ च्या दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत घातला होता, म्हणून 'मूळ चित्र' या सदरात आम्हांला स्वीडनच्या वेताळाचे चित्र जोडावे लागले.

आता कामाविषयी. पट्टा, कवटीचे बक्कल आणि पिस्तुलांची म्याने नातीने ईव्हीए फोमची केली. तो बोहरी आळीतून आणला, पोरांच्या खोलीत अंथरायच्या चटया असतात त्याच जातीचा. त्याला कटरने तिरका छेद द्यावा लागतो. मग हीट गनची गरम हवा लागली, की त्याची भोके मिटतात, पृष्ठभाग तुकतुकीत होतो आणि वळवाल तसा वळून थंड होताच तो आकार धरून बसतो. चिकटवण्याची रीत तर मला फारच आवडली: गोंद दोन्ही तुकड्यांना लावायचा, दहा मिनिटे दोघांना एकमेकांपासून दूर ठेवायचे, बोटाला चिकटेनासा झाला की मगच जवळ आणायचे, एकदा जवळ आले की सरकवता येत नाही. अंगठी एम-सीलची केली आणि तिला चंदेरी रंग दिला. मुखवट्यातून वेताळाची बुबुळे दिसत नाहीत, पुतळ्यासारखे कोरे पांढरे डोळे दिसतात. त्यासाठी तिने खिडकीच्या मच्छरजाळीचे दोन तुकडे कापून बाहेरून पांढरे आणि आतून काळे रंगवले. समोरच्याला पांढरा डोळा दिसे, आणि मला त्या काळ्या आतल्या बाजूतून सारे जग दिसे, जरा धुक्यातल्यासारखे.

मात्र वेष म्हणजे पट्टा नव्हे. वेष म्हणजे ते निळे कापड, आणि ते चारी दिशांना ताणणारे लायक्रा असल्याने ते शिवण्याची विद्या आमच्या घरात कुणालाच नव्हती. सौभाग्यवतीचे मशीन लग्नातले, काळे, पायाने चालवायचे. ते एकच सरळ टीप घालते. ताणणाऱ्या कापडाला वास्तविक नागमोडी टीप हवी, नाहीतर कापड ताणले जाते आणि दोरा तुटतो. पहिल्या मापाच्या वेळी मी खुर्चीत बसलो आणि बैठकीची शिवण अशा आवाजाने उसवली, की शेजारचे गृहस्थ गॅलरीत आले. नात हसून लोळली. ही हसली नाही. तिने तो तुकडा उजेडात धरला, दोन बोटांत ताणून पाहिला, आणि तासाभराने उरलेल्या चिंध्यांवर प्रयोग करीत बसलेली दिसली. सुईच्या पुढे एका हाताने आणि मागे दुसऱ्या हाताने कापड सारखे ताणून धरायचे आणि त्या ताणलेल्या स्थितीतच टीप घालायची, म्हणजे कापड सैल पडले तरी दोऱ्याला लांबीची शिल्लक राहते, ही युक्ती तिची तिला सुचली. मध्येच टाके सुटू लागले. नातीने शोध करून गोलसर टोकाची सुई मागवली, जी विणीचे धागे भोसकत नाही तर बाजूला सारून जाते. या सर्व काळात माझे काम उभे राहण्याचे. चाळीस वर्षांच्या संसारात तिने माझे माप इतक्या वेळा आणि इतक्या बारकाईने कधी घेतले नव्हते. आणि मापे वहीत लिहिताना मागच्या मापांशी तिने जी तुलना केली तिचा तपशील येथे देण्याचे कारण नाही.

कापड बेतताना ती शिवणीला जी जास्तीची पट्टी ठेवते तिला आपल्याकडे 'माया' म्हणतात. ही माया आतल्या बाजूला असते, दिसत नाही, आणि कपडा पुढे सैल करायचा झाला तर तीच उपयोगी पडते. आतल्या शिवणीच्या छायाचित्राची अट नातीने सांगितली तेव्हा ही म्हणाली, "उलटी बाजू कोण बघतं गं?" आणि विषय संपला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तेव्हा मशीनवर डावी बाही पूर्ण उसवलेली होती. तिन्हीसांजेपर्यंत ती पुन्हा शिवून झाली. आतली माया दोन्ही बाजूंनी सारखी कापलेली, दुमडलेली, हातशिलाईने बसवलेली. मग उजवी बाही उसवली गेली. मी काही बोललो नाही. घरात असे काही चालू असताना पुरुषाने वर्तमानपत्र वाचावे.

अर्ज भरण्याचा दिवस आला, आणि मी, दप्तरदार या नात्याने, लेखणी हाती घेतली. रंगाच्या प्रश्नावर मी दोन पानांचे टिपण सिद्ध केले होते, उपलब्ध पुरावा, त्यावरील अभिप्राय आणि निर्णयार्थ सादर अशा क्रमाने. परंतु त्या रकान्यात तीनशे अक्षरांहून अधिक मावत नव्हते, आणि तीही इंग्रजीत हवी होती. नातीने ते काम दीड ओळीत उरकले. त्यानंतरचा रकाना होता: वेष परिधान करणाऱ्याचे नाव, आणि वेष तयार करणाऱ्याचे नाव, हे निराळे असल्यास.

या रकान्यापाशी मी थांबलो, कारण त्याआधीच्या रात्री नातीने मला या सर्व प्रकाराचा जन्मवृत्तांत वाचून दाखवला होता. 'कॉस्प्ले' हा शब्द तसा अलीकडचा. नोबुयुकी ताकाहाशी या जपानी गृहस्थाने १९८३ मध्ये एका नियतकालिकात इंग्रजीतल्या दोन शब्दांची मोडतोड करून तो रूढ केला, आणि २००३ पासून नागोया शहरात त्याचे जागतिक संमेलनही भरत आले आहे. पण प्रकार त्याहून जुना. १९३९ च्या जुलैत न्यूयॉर्कला विज्ञानकथांचे पहिले जागतिक संमेलन भरले, माणसे सुमारे २००, सगळी कोट-टाय घातलेली. त्यांत फॉरेस्ट अ‍ॅकरमन नावाचा एक तरुण भविष्यकाळातल्या मनुष्याचा वेष करून, खांद्यावर झूल टाकून आला, आणि या परंपरेचा आद्यपुरुष ठरला. त्याच्याबरोबर तशाच वेषात एक स्त्री होती, मर्टल डग्लस, जिला मित्रमंडळी तिच्या एस्पेरांतो आद्याक्षरांवरून 'मोरोजो' म्हणत. दोघांचेही कपडे तिने शिवले होते. त्याचे नाव वर्षानुवर्षे जो तो घेत राहिला. तिचे नाव फार उशिरा, कुणीतरी मुद्दाम विचारू लागल्यावर, पुढे आले. पुढच्याच वर्षी शिकागोला वेषांची रीतसर स्पर्धा झाली आणि डेव्हिड काइल या गृहस्थाला 'फ्लॅश गॉर्डन'मधल्या क्रूर मिंगच्या वेषाबद्दल बक्षीस मिळाले. तो वेष केला होता लेस्ली पेरी या बाईने.

आपल्याकडेही कोठे निराळे आहे? बालगंधर्व रंगभूमीवर ज्या ऐटीने शालू नेसून येत, त्याची नक्कल घरंदाज स्त्रिया करीत, ही गोष्ट पोराबाळांना माहीत आहे. पण त्यांच्या चोळ्या कोण बेतत असे हे मी पुष्कळांना विचारले, आणि एकानेही उत्तर दिले नाही. आजच्या मोठमोठ्या स्पर्धांत शिवणाऱ्याचे नाव वेगळे विचारण्याची जी पद्धत आहे, ती मला म्हणूनच तिच्या बाकीच्या थाटापेक्षा अधिक मोलाची वाटते. मी त्या रकान्यात सौभाग्यवतीचे पूर्ण नाव घातले, माहेरच्या आडनावासकट. ती म्हणाली, "माझं कशाला? मशीन तर काय, कुणीही चालवतं." नातीने मान वर न करता सांगितले, "आजी, खोटं लिहिलं तर अर्ज बाद होतो."

आता एवढे झाल्यावर ऑनलाइन स्पर्धेविषयीची माझी तक्रारही नोंदवली पाहिजे. वाईला आमच्या वाड्यात दर वर्षी सुगीनंतर एक बहुरूपी येई. कधी पोस्टमन, कधी गोसावी. पण त्याचे खास रूप म्हणजे पोलीस जमादाराचे. तो दिंडीदरवाजातून एकदम आत शिरे, घरात किती सोने पुरले आहे त्याची झडती घ्यायचा हुकूम आहे असे ओरडे, आणि हातातल्या कोऱ्या कागदावरून माझ्या आजोबांच्या नावाचे वॉरंट वाची. त्याच्या खाकी कोटाची बटणे पाच निरनिराळ्या जातींची होती, आणि एका पायात चप्पल तर दुसऱ्यात बूट. तरीही पहिल्या अर्ध्या क्षणात वाड्यातली सारी माणसे दचकत, मग ओळखत, मग हसत, आणि आजी सुपात धान्य घालून आणी. त्या दचकण्यापासून ओळखण्यापर्यंतच्या अर्ध्या क्षणावर त्याचे वर्षाचे पोट चालत असे. आमच्या स्पर्धेत बटणांचा हिशेब होता, शिवणीचा होता. तो अर्धा क्षण मात्र कोणत्याही रकान्यात बसत नव्हता. कुणी दचकणार नव्हते, कुणी ओळखणार नव्हते. परीक्षक आपापल्या घरी चहा पीत, आधीच नाव वाचून, आमची फीत पाहणार होते.

चित्रफितीसाठी जागा कोणती, याविषयी मात्र मतभेद नव्हता. पुण्यात वेताळाचा वेष करणाऱ्याने वेताळ टेकडी सोडून अन्यत्र जाणे हा औचित्यभंग झाला असता. तो वेताळ निराळा हे मला मान्य आहे; तो भुताखेतांचा अधिपती, शेंदूर फासलेला, कोकणात आणि गोव्यात गावोगाव ज्याचा मान आहे तो. पण नाव तर एकच, आणि वर जुनी दगडाची खाणही आहे, पावसाच्या पाण्याने भरलेली, तिचे उभे काळे कडे अरण्यातल्या गुहेला शोभतील असे. ऑक्टोबरातल्या एका पहाटे आम्ही निघालो. वेष आत घालून वरून मी रेनकोट आणि हॅट चढवली होती, निव्वळ संकोचापायी. नात आनंदाने म्हणाली, की वेताळ शहरात येतो तेव्हा अगदी असाच येतो. त्या वर्षी सारे जग तोंडावर मुखवटा बांधून फिरत होते. मी डोळ्यांवरचा चढवला, तोंडावरचाही होता, आणि माझ्या चेहऱ्याचे जगाला दाखवण्यासारखे काहीच शिल्लक उरले नाही.

फितीत मी कड्याजवळच्या दगडावरून उतरायचे, थांबायचे, उजव्या हातातली कवटीची अंगठी काढायची आणि पुढे आलेल्या, चेहरा न दिसणाऱ्या एका लहान हातात ठेवायची, एवढेच होते. म्हातारा वेताळ आणि त्याचा वारस. पहिल्या वेळी अंगठी निघेना. दुसऱ्या वेळी एका कुत्र्याने आक्षेप घेतला. तिसऱ्या वेळी फिरायला आलेल्या एका सद्गृहस्थांनी हे कोणत्या पक्षाचे काम आहे अशी पृच्छा केली. चौथ्या वेळी सगळे जमून आले. ऊन नुकते कड्याच्या माथ्याला लागले होते, मी दगडावरून एकदाही न डगमगता उतरलो, अंगठी सुळकन निघाली, आणि तेवढ्यात पायवाटेवरून बापाचे बोट धरून येणारे पाच-सहा वर्षांचे एक पोर मोठ्याने ओरडले, "बाबा, स्पायडरमॅन!"

बाप पंचेचाळिशीचा असावा. तो थबकला, जाळीतून मला त्याचा चेहरा धुरकट दिसत होता, तरी त्यावर काहीतरी सरकत गेलेले मी पाहिले. "स्पायडरमॅन नाही रे," तो हळूच म्हणाला, "वेताळ आहे तो." मग क्षणभर त्याने माझ्याकडे पाहिले आणि जरा अजिजीच्या स्वरात पुढे म्हणाला, "पण काका, वेताळ जांभळा असतो ना?"

हे सारे बोलणे फितीत आल्यामुळे ती फीत बाद करावी लागली. पाठवली ती सहावी. ती निर्दोष होती, आणि तिच्यात काही नव्हते.

निकाल दिवाळीनंतर लागला. आम्हांला बक्षीस मिळाले नाही, आणि ज्यांना मिळाले त्यांची कामे पाहता मिळू नयेच असे माझे मत झाले. पहिल्या आलेल्या मुलाने फोमची जी पंखांची चिलखती रचना केली होती तिच्यापुढे आमचा पट्टा म्हणजे शाळेतले हस्तकौशल्य. मात्र परीक्षकांनी प्रत्येकाला दोन ओळींचा अभिप्राय दिला होता. आमच्या अभिप्रायाची एक ओळ अशी, की वेषाचा रंग पात्राशी जुळत नाही; दुसरी अशी, की शिवणीची आतली बाजू विशेष स्वच्छ आहे. पहिल्या ओळीचे गुण माझ्या हट्टामुळे गेले, हे नातीने तोंडाने म्हटले नाही. दुसरी ओळ तिने आजीला मराठीत करून सांगितली. ही भाजी निवडत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "म्हणजे बघितली त्यांनी," आणि पुन्हा भाजी निवडू लागली.

निळा वेष कपाटात आहे. नात आता मोठी झाली आहे आणि त्यात अजून दोन बोटे माया शिल्लक असल्याचे कळते. रंगाचा निकाल मात्र मला मान्य नाही, आणि माझ्यापाशी पुरावा नाही. तेव्हा वाचकांना विनंती अशी, की ज्या कुणाच्या माळ्यावर, ट्रंकेत किंवा जुन्या वाचनालयाच्या गठ्ठ्यात 'इंद्रजाल'चे १९६४ सालातले पहिले अंक असतील, त्यांनी ते रद्दीत घालण्यापूर्वी एकदा उघडून पाहावेत आणि त्यांतला वेताळ निळा आहे की नाही एवढेच एका ओळीने या मासिकाच्या पत्त्यावर कळवावे. अंक पाहायला पाठवला तर टपालखर्च मी देईन, आणि आठ दिवसांत स्पीड पोस्टाने परत करीन.